आरोपी ते साक्षीदार : स्वमग्नतेच्या इतिहासातील पालक आणि त्यांच्या संवेदनविषयक नोंदी (१९३८-२०१६)

सारांश

स्वमग्नतेचा, म्हणजेच ऑटिझमचा, इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांनी आणि त्यांच्या सिद्धान्तांनी सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात हाच इतिहास पालकांच्या नोंदींच्या अंगाने तपासला आहे. स्वमग्नतेचे पहिले प्रसिद्ध वर्णन मुख्यतः माता-पित्यांच्या निरीक्षणांवर उभे होते. तरीही पुढील दोन दशके त्याच माता-पित्यांना विकाराचे कारण ठरविण्यात आले. आवाज, स्पर्श, अन्न, गती यांविषयीच्या मुलांच्या तीव्र प्रतिक्रिया पालकांनी आरंभापासून नोंदविल्या होत्या; निदानाच्या अधिकृत निकषांत त्यांना स्थान मिळण्यास सत्तर वर्षे लागली. या विलंबाचे एक महत्त्वाचे कारण पुराव्याचा अभाव नसून पुरावा देणाऱ्याविषयीचा अविश्वास हे होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : स्वमग्नता, संवेदन-प्रक्रिया, पालकत्व, निदानाचे निकष, साक्ष, अपंगत्वविषयक कायदे.

१. प्रस्तावना

दोन-तीन वर्षांचे मूल हाक मारली असता वळून पाहत नाही, पण शेजारच्या घरातील मिक्सर सुरू होताच दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळते. जावळ काढताना ते सर्वच मुलांप्रमाणे रडते. परंतु पुढे प्रत्येक वेळी केस कापणे म्हणजे घरातील चार माणसांची परीक्षा होऊन बसते. दहीभात आणि एका विशिष्ट प्रकारचे बिस्कीट यांखेरीज ते काही खात नाही. सदऱ्याच्या मानेशी शिवलेली चिठ्ठी कापून टाकल्याशिवाय सदरा अंगावर ठेवत नाही. आई या गोष्टी घरात सांगते तेव्हा तिला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर दिलाशाचे असते : मुलगे उशिराच बोलतात, याचे वडीलही असेच होते. दुसरे उत्तर आरोपाचे असते : लाडावून ठेवले आहे, किंवा आई नोकरी करते म्हणून असे झाले. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. आईने जे पाहिले त्याची नोंद कोणी घेत नाही.

हा अनुभव केवळ आपल्या कौटुंबिक व्यवस्थेचा दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. आधुनिक वैद्यकशास्त्राच्या इतिहासात हीच घटना अधिक मोठ्या प्रमाणावर व अधिक प्रतिष्ठित भाषेत घडलेली दिसते. पालकांचे निरीक्षण घ्यावयाचे आणि निष्कर्ष मात्र पालकांच्या विरोधात काढावयाचा, असा तो क्रम होता. इतिहासाच्या अभ्यासकास हा विषय महत्त्वाचा वाटावा याचे कारणही हेच आहे. साधन कोणाचे, त्याचा अर्थ कोण लावतो आणि साक्ष देणाऱ्यावर विश्वास केव्हा ठेवला जातो, हे इतिहासलेखनाचे मूलभूत प्रश्न येथे एका लहान मुलाच्या संदर्भात उपस्थित होतात.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, स्वमग्नतेच्या ज्ञानाच्या घडणीत पालकांच्या नोंदींचे स्थान निश्चित करणे. दुसरे, पालकांवरील दोषारोप कसा रूढ झाला व कोणत्या पुराव्यांमुळे मागे पडला याचा शोध घेणे. तिसरे, संवेदनविषयक अडचणींना शास्त्रीय व कायदेशीर मान्यता मिळण्याचा क्रम भारताच्या संदर्भासह मांडणे. त्यासाठी प्रकाशित वैद्यकीय लेखन, पालकांनी लिहिलेले ग्रंथ, निदानाची अधिकृत नियमपुस्तके आणि भारतीय कायदे यांचा ऐतिहासिक पद्धतीने विचार केला आहे. प्रारंभ १९३८ पासून केला आहे, कारण त्या वर्षी एका पित्याने लिहिलेले पत्र या इतिहासाचे आद्य साधन ठरते. अखेर २०१६ ही आहे, कारण त्या वर्षीच्या भारतीय कायद्यात स्वमग्नतेचा अपंगत्वांच्या सूचीत समावेश झाला.

३. एका पित्याचे पत्र

स्वमग्नतेसारखी लक्षणे १९३८ पूर्वी कोणी वर्णिली नव्हती असे नाही. मॉस्को येथील बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये रशियन भाषेत व १९२६ मध्ये जर्मन भाषेत सहा मुलग्यांचे सूक्ष्म वर्णन प्रसिद्ध केले होते. परंतु ज्या लेखनातून पुढील परंपरा सुरू झाली, ते लेखन अमेरिकेत झाले.

मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावातील वकील बीमन ट्रिपलेट यांनी १९३८ मध्ये आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी तेहतीस टंकलिखित पानांचे पत्र बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाकडे पाठविले. ते बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या हाती आले. मुलाचे नाव डोनाल्ड. या मुलाला त्यापूर्वी, वयाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास, वैद्यकीय सल्ल्यावरून एका संस्थेत ठेवण्यात आले होते. घरच्यांनी त्याला अतिरिक्त चेतना दिली, वातावरण बदलले पाहिजे, असा तो सल्ला होता. म्हणजे पालकांवरील संशय शास्त्रीय सिद्धान्त होण्यापूर्वीच उपचार म्हणून अस्तित्वात होता. सुमारे एका वर्षाने माता-पित्यांनी मुलाला संस्थेतून परत घरी आणले.

पित्याचे पत्र भावविवश नाही. ते वकिलाच्या शिस्तीने लिहिलेले आहे. मूल एक वर्षाचे असताना अनेक चाली अचूक गुणगुणत असे. चेहरे व नावे त्याच्या विलक्षण लक्षात राहत. ते एकटे असताना सर्वाधिक समाधानी दिसे. खाण्याचा प्रश्न पहिल्यापासूनच होता. दुसऱ्या वर्षी त्याला ठोकळे व भांडी गरगर फिरविण्याचे वेड लागले. त्याच काळात तीनचाकी सायकल, झोपाळा यांची त्याला भीती वाटू लागली. घसरगुंडी आणली तेव्हा तो भयभीत झाला. मुलाचे सामर्थ्य, त्याची आवड आणि त्याची भीती यांच्या नोंदी येथे शेजारीशेजारी येतात. पत्रलेखकाकडे निदानासाठी शब्द नाही. त्याच्याकडे केवळ निरीक्षण आहे.

कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या, आठ मुलगे व तीन मुली यांच्या, वर्णनावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पहिले मूल डोनाल्ड होते. या निबंधात मोठे आवाज व हलत्या वस्तू यांविषयीच्या भीतीची एक लांबलचक यादी आहे : तीनचाकी सायकली, झोपाळे, उद्वाहक, धूळ ओढणारी यंत्रे, वाहते पाणी, गॅसची शेगडी, यांत्रिक खेळणी, अंडी फेटण्याचे उपकरण, एवढेच नव्हे तर वारासुद्धा. अन्न नाकारण्याचाही स्वतंत्र उल्लेख आहे. ही यादी रुग्णालयाच्या तपासणीच्या खोलीत तयार होणे शक्य नाही. अंडी फेटण्याचे उपकरण आणि गॅसची शेगडी स्वयंपाकघरात असते. यादीतील वस्तूच तिच्या मूळ स्थानाची साक्ष देतात. हे घरातल्या माणसांनी पाहिलेले आहे.

येथे कॅनर यांनी लावलेला अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांच्या मते मुलाला आवाजाची वा गतीची भीती नसते. आवाज त्याच्या एकटेपणावर आक्रमण करतो म्हणून ते अस्वस्थ होते. त्यासाठी दिलेला युक्तिवाद असा की, तेच मूल स्वतः तितकाच मोठा आवाज आनंदाने करते. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा असला तरी अपुरा आहे. स्वतः केलेला आवाज अपेक्षित असतो, तो केव्हा थांबेल हे करणाऱ्याला ठाऊक असते. बाहेरून येणारा आवाज अनपेक्षित असतो. परंतु कॅनर यांच्या अर्थाने संवेदनेचा प्रश्न भावनेच्या प्रश्नात विलीन झाला. शरीराला होणारा त्रास हा नात्याचा दोष म्हणून वाचला जाऊ लागला. पुढील सर्व गैरसमजाचे बीज या एका वाचनात आहे.

४. दोषारोपाचा कालखंड

१९४३ च्या निबंधाच्या अखेरीस कॅनर यांची भूमिका दुहेरी होती. या मुलांचे माता-पिता बुद्धिमान व सुशिक्षित असले तरी त्यांच्यात खऱ्या अर्थाने प्रेमळ म्हणावेत असे थोडेच आहेत, असे त्यांनी नोंदविले. त्याच वेळी मुलांचे एकाकीपण जन्मापासूनच दिसत असल्यामुळे ते केवळ पालकांच्या वर्तनाचे फळ मानता येत नाही, असेही त्यांनी लिहिले. १९४९ मधील लेखात मात्र पहिले विधान ठळक व दुसरे फिके झाले. ही मुले जणू बर्फ न वितळणाऱ्या शीतकपाटात ठेवल्यासारखी वाढली, अशा आशयाची उपमा त्यांनी तेथे वापरली. या उपमेतूनच 'शीतकपाटी माता' हा शब्दप्रयोग लोकप्रिय झाला. वस्तुतः कॅनर यांचा रोख पित्यांकडेही होता. पण लोकव्यवहारात आरोप मातेच्या वाट्याला आला. ही निवड अपघाती म्हणता येणार नाही. मुलाच्या संगोपनाची जबाबदारी जिच्यावर, दोषही तिचाच, हा न्याय अमेरिकेला जितका परिचित होता तितकाच आपल्यालाही आहे.

पालक सुशिक्षित असल्याच्या निरीक्षणामागे साधी निवड-चूक होती. त्या काळी मिसिसिपीतून बाल्टिमोरच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचणे, त्याच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करणे हे सुशिक्षित व सधन कुटुंबालाच शक्य होते. जे पोहोचू शकले नाहीत त्यांची मुले नमुन्यात आलीच नाहीत. पालकांनी मुलाविषयी काटेकोर नोंदी ठेवल्या हीच बाब त्यांच्या शीतलतेचा पुरावा मानली गेली, हा तर या इतिहासातील सर्वांत कटू विरोधाभास होय. ज्या नोंदींवाचून निबंध लिहिता आला नसता, त्या नोंदीच लेखकांविरुद्ध वापरल्या गेल्या.

या विचाराचे टोक ब्रुनो बेटेलहाइम यांच्या लेखनात आढळते. मूळचे व्हिएन्नाचे बेटेलहाइम १९३८-३९ मध्ये नाझींच्या डाखाऊ व बुखेनवाल्ड या छळछावण्यांत बंदी होते. नंतर ते अमेरिकेत गेले व १९४४ पासून शिकागो विद्यापीठाच्या निवासी शाळेचे संचालक झाले. 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या १९६७ मधील ग्रंथात त्यांनी छावणीतील बंदी व स्वमग्न मूल यांची तुलना केली. आपण अस्तित्वात नसावे अशी पालकांची इच्छा मुलाला जाणवते व ते स्वतःला मिटून घेते, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यातून उपचारही निघाला : मुलाला पालकांपासून दूर करणे. छावणीचा अनुभव खरा होता. परंतु त्याच्या आधारे मातेला पहारेकऱ्याच्या जागी बसविण्यास कोणताही पुरावा नव्हता. बेटेलहाइम यांच्या १९९० मधील मृत्यूनंतर त्यांच्याच शाळेतील काही माजी विद्यार्थ्यांनी तेथील मारहाणीविषयी उघडपणे लिहिले.

या कालखंडातील एक प्रसंग मात्र वेगळी दिशा दाखवितो. डोनाल्डला त्याच्या माता-पित्यांनी १९४२ मध्ये घरापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दाम्पत्याकडे ठेवले होते. कॅनर यांनी १९४५ मध्ये तेथे भेट दिली. मोजण्याचे वेड असलेल्या मुलाला त्या दाम्पत्याने विहीर खणावयास व तिची खोली सांगावयास लावले होते. तो मेलेले पक्षी व किडे गोळा करी, तेव्हा त्यांनी त्याला पुरण्यासाठी जागा नेमून दिली होती. मक्याच्या ओळी मोजण्याच्या छंदाचा उपयोग करून नांगर धरावयास शिकविले होते. या दाम्पत्याचा शहाणपणा पाहून आपण चकित झालो, असे कॅनर यांनी १९७१ मधील पाठपुराव्याच्या लेखात नमूद केले. हा मुलगा पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरी करता झाला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी स्वतःच्याच गावी वारला. शेतकरी दाम्पत्याजवळ सिद्धान्त नव्हता. मूल कशाने शांत होते व कशाने बिथरते, एवढेच त्यांनी पाहिले होते.

५. पालकांचे संघटन आणि पुराव्याची फेरमांडणी

दोषारोपाला पहिले समर्थ उत्तर एका पित्यानेच दिले. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या मुलाचा जन्म १९५६ चा. मुलाचे वर्तन पाहून त्यांच्या पत्नीला महाविद्यालयात वाचलेल्या एका पुस्तकातील वर्णन आठवले व तेथून शोध सुरू झाला. उपलब्ध संशोधन वाचल्यावर मातृदोषाच्या सिद्धान्तामागे प्रत्यक्ष पुरावा नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. १९६४ मध्ये त्यांनी 'इन्फन्टाइल ऑटिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध करून स्वमग्नता ही मज्जासंस्थेशी निगडित अवस्था असल्याची मांडणी केली. प्रस्तावना खुद्द कॅनर यांनी लिहिली. ग्रंथाच्या अखेरीस पालकांसाठी एक प्रश्नावली होती. अनेक पालकांनी ती भरून लेखकाकडे पाठविली. पालकांची विखुरलेली निरीक्षणे प्रथमच एका ठिकाणी संकलित होऊ लागली. १९६५ मध्ये अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या १९६९ मधील सभेत कॅनर यांनी उपस्थित माता-पित्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

इंग्लंडमध्ये हे कार्य थोडे आधी सुरू झाले होते. १९६२ मध्ये तेथील पालकांनी संस्था स्थापन केली व १९६५ मध्ये सिबिल एल्गार यांच्या मार्गदर्शनाखाली लंडनच्या ईलिंग भागात शाळा सुरू झाली. संस्थेच्या संस्थापकांत लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ होत्या; त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. त्यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्यासह लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी केली. पाहणीचे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञापर्यंत पोहोचलेल्या मुलांपुरते न पाहता एका भागातील विशेष गरजा असलेल्या सर्व मुलांचा शोध घेतल्यामुळे कॅनर यांच्या नमुन्यातील मर्यादा येथे ओलांडली गेली. आस्पर्गर यांचे १९४४ मधील जर्मन लेखन इंग्रजी वाचकांच्या चर्चेत आणण्याचे श्रेयही विंग यांच्या १९८१ मधील लेखाकडे जाते. आस्पर्गर यांचे नाझी राजवटीशी असलेले सहकार्य २०१८ मध्ये तपशिलाने उजेडात आले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

१९६७ हे वर्ष या दृष्टीने विशेष सूचक आहे. ज्या वर्षी बेटेलहाइम यांचा ग्रंथ आला, त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क या मातेचे 'द सीज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी आपल्या मुलीबरोबरच्या पहिल्या आठ वर्षांचा वृत्तान्त दिला होता. दोन्ही शीर्षकांत दुर्गाची प्रतिमा आहे. एकाचा दुर्ग रिकामा आहे, दुसऱ्याला वेढा घातलेला आहे. एका ग्रंथात माता आत कोंडणारी आहे, तर दुसऱ्यात ती बाहेरून वाट शोधणारी आहे. पहिला ग्रंथ त्या काळी अधिक गाजला. साधन म्हणून आज दुसऱ्याचे मोल अधिक आहे.

मातृदोषाच्या सिद्धान्ताला निर्णायक धक्का १९७७ मध्ये बसला. सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढलेली असल्याने फरकाचे कारण आनुवंशिकतेत शोधणे भाग होते. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत बालवयातील स्वमग्नतेला छिन्नमनस्कतेपासून वेगळे असे स्वतंत्र स्थान मिळाले.

६. संवेदनांचा प्रश्न : सत्तर वर्षांचा विलंब

पालक दोषमुक्त झाले तरी त्यांच्या साक्षीचा एक मोठा भाग बाजूलाच राहिला. तो भाग संवेदनांचा होता. १९४९ मध्येच पॉल बर्गमन व सिबिल एस्कलोना यांनी अगदी लहान मुलांमधील असाधारण संवेदनशीलतेवर स्वतंत्र लेख लिहिला होता. परंतु त्या काळच्या मनोविश्लेषणाच्या चौकटीत तो धागा पुढे फारसा विणला गेला नाही.

या प्रश्नाला स्वतंत्र शास्त्रीय भाषा व्यवसायोपचाराच्या क्षेत्रातून मिळाली. ए. जीन एअर्स यांनी १९७२ मध्ये संवेदन-एकात्मीकरण व अध्ययनातील अडचणी यांवर ग्रंथ लिहिला आणि १९७९ मध्ये पालकांना समजेल असा दुसरा ग्रंथ लिहिला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. पाच ज्ञानेंद्रियांखेरीज शरीराचा तोल व गती यांचे संवेदन आणि स्नायू व सांध्यांकडून मिळणारे स्थितीचे संवेदन मेंदूपर्यंत येत असते. या सर्वांची सांगड नीट बसली नाही तर साधा स्पर्शही आघातासारखा वाटू शकतो, किंवा उलट, मूल पुरेशी चेतना मिळविण्यासाठी सतत उड्या मारते, गरगर फिरते, भिंतीवर आदळते. अशा वर्तनाकडे हट्ट म्हणून न पाहता शरीराची गरज म्हणून पाहण्याची दृष्टी यातून मिळाली.

या मांडणीच्या उपचारात्मक दाव्यांविषयी मतभेद आहेत व ते नोंदविले पाहिजेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये असे मत दिले की, संवेदन-प्रक्रियेची विकृती हे स्वतंत्र निदान म्हणून सामान्यतः वापरू नये, आणि संवेदनाधारित उपचारांच्या परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगावे. अडचणी खऱ्या आहेत, त्यांचे वर्गीकरण मात्र वादग्रस्त आहे, असा या मताचा आशय आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने वस्तुस्थिती आणि तिचे नामकरण यांत गल्लत करू नये, हे येथे विशेष लागू पडते.

दरम्यान स्वमग्न व्यक्ती स्वतः लिहू लागल्या होत्या. टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६ मध्ये व डोना विल्यम्स यांचे १९९२ मध्ये आले. मिठी असह्य वाटते पण शरीरावरील दृढ दाब हवाहवासा वाटतो, ही ग्रँडिन यांची नोंद आहे. तसा दाब स्वतःच्या नियंत्रणाखाली मिळावा म्हणून त्यांनी यंत्रही बनविले. मूल मिठीतून निसटते म्हणून आई शीतल ठरविली गेली होती. निसटणाऱ्यानेच आता सांगितले की, कारण स्पर्शाच्या वेदनेत होते.

तथापि १९९४ च्या निदानपुस्तिकेतही संवेदनविषयक प्रतिक्रिया मुख्य निकषांत नव्हत्या; विकारासोबत आढळणारी लक्षणे एवढाच त्यांचा उल्लेख होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना मिळणारा अति किंवा अत्यल्प प्रतिसाद हा पुनरावर्ती वर्तनाच्या चार निकषांपैकी एक म्हणून प्रथमच समाविष्ट झाला. १९४३ ते २०१३ हा सत्तर वर्षांचा कालावधी आहे. लहान मुलांच्या प्राथमिक चाचणीसाठी पालकांनी भरावयाची एक प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. तिची २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली सुधारित आवृत्ती वीस प्रश्नांची असून, धूळ ओढणाऱ्या यंत्रासारख्या रोजच्या आवाजांनी मूल अस्वस्थ होते का, असा एक प्रश्न तिच्यात आहे. १९४३ च्या यादीतील तेच यंत्र येथे पुन्हा भेटते. फरक एवढाच की, पूर्वी पालकांनी न विचारता सांगितले होते. आता शास्त्र त्यांना विचारीत आहे.

७. भारतातील वाटचाल

भारतातील क्रमही पालकांपासूनच सुरू होतो. दिल्ली येथे मेरी बरुआ या मातेने १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापन केली. त्या वेळी स्वमग्न मुलांची गणना बहुधा मतिमंदत्वात होई. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची सूची होती. स्वमग्नता त्यांत नव्हती. कायद्यात नाव नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, अशी ही साखळी होती.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ही स्थिती अंशतः बदलली. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी हा न्यास निर्माण झाला. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे. 'आमच्या पश्चात याचे काय', हा आई-वडिलांचा प्रश्न येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत उतरला. महाराष्ट्रात मुंबईचे 'उम्मीद' हे बालविकास केंद्र २००१ मध्ये सुरू झाले. 'स्वमग्न' हा शब्दही मराठी वृत्तपत्रीय व वैद्यकीय लेखनातून स्थिरावत गेला. हा शब्द सुटसुटीत असला तरी पूर्णतः निर्दोष नाही. मूल स्वतःतच मग्न आहे, असे तो सुचवितो. बाहेरचे जग त्याच्यापर्यंत फार तीव्रतेने पोहोचते आहे, ही शक्यता तो झाकतो.

भारतीय संशोधनात मात्र संवेदनांची दखल तुलनेने लवकर घेतली गेली. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय मतिमंद संस्थेने २००९ मध्ये तयार केलेल्या भारतीय स्वमग्नता मूल्यमापन श्रेणीत सहा विभाग व चाळीस विधाने असून, संवेदनविषयक बाबी हा त्यांतील एक स्वतंत्र विभाग आहे. पालकांशी केलेली मुलाखत हा या श्रेणीचा अविभाज्य भाग होय. २०१६ मध्ये केंद्र शासनाने प्रमाणपत्रासाठी ही श्रेणी अधिसूचित केली. त्याच वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वांची संख्या एकवीसवर नेली व स्वमग्नतेचा त्यांत समावेश केला. या कायद्यानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे हा विषय बालवाडीपुरता राहिलेला नाही. तो आपल्या महाविद्यालयांच्या प्रवेशद्वाराशी आला आहे.

टॅमारा डेली यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला शहरी भारतातील ९५ कुटुंबांचा अभ्यास येथे उल्लेखनीय आहे. त्यात भारतीय पालकांनी प्रथम टिपलेली चिन्हे बहुधा सामाजिक व्यवहाराशी निगडित होती. ज्या समाजात मुलाने आल्यागेल्याशी बोलावे अशी अपेक्षा असते, तेथे ते बोलत नाही हेच आधी डोळ्यांत भरते. याची दुसरी बाजूही असावी. ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, दिवाळीच्या फटाक्यांत, लग्नाच्या मांडवात रडणारे मूल आपल्याकडे 'भित्रे' ठरते. जेथे सर्वांनीच गोंगाट सहन करावयाचा असतो, तेथे तो सहन न होणे ही नोंद करण्याजोगी बाब वाटत नाही.

८. पालकांच्या साक्षीच्या मर्यादा

पालकांच्या नोंदींचे महत्त्व मांडताना त्यांना अचूकतेचे प्रमाणपत्र देणे उचित नव्हे. निरीक्षण खरे असले तरी त्यावरून काढलेले कारण खरे असेलच असे नाही. १९९८ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात बारा मुलांच्या आधारे गोवराच्या संयुक्त लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा लेख आला. लस टोचल्यानंतरच्या काळात मूल बदलले, हे पालकांचे सांगणे प्रामाणिक होते. परंतु लस टोचण्याचे वय व लक्षणे उमटण्याचे वय जवळजवळ एकच असल्याने कालक्रम हाच कार्यकारणभाव मानला गेला. पुढील मोठ्या अभ्यासांनी हा संबंध नाकारला व २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. मातृदोषाचा सिद्धान्त मोडून काढणारे रिमलँड स्वतःही उत्तरकाळात लसविरोधी मताकडे झुकले होते, ही बाब बोधप्रद आहे.

दुसरी मर्यादा वर्गाची आहे. तेहतीस पानांचे टंकलिखित पत्र लिहिणारा पिता वकील होता. पुस्तके लिहिणाऱ्या माता उच्चशिक्षित होत्या. शेतमजूर किंवा ऊसतोड कामगार मातेने पाहिलेले कागदावर आले नाही, म्हणून ते घडले नाही असे म्हणता येणार नाही. तेथे मौखिक साधनांकडे वळावे लागेल.

तिसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. पालक हा मुलाचा साक्षीदार आहे, मूल नव्हे. स्वमग्न लेखक जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना उद्देशूनच सांगितले की, आमच्यासाठी शोक करू नका. जे मूल तुम्ही अपेक्षिले होते ते आले नाही याचे दुःख तुमचे आहे, आमचे नव्हे. ज्याप्रमाणे तज्ज्ञांनी पालकांच्या वतीने बोलू नये, त्याचप्रमाणे पालकांनीही मुलाच्या वतीने शेवटचा शब्द उच्चारू नये, हा त्याचा अर्थ आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) स्वमग्नतेच्या शास्त्रीय वर्णनाचे आद्य साधन पालकांच्या नोंदी हे आहे. त्यांना केवळ पूरक माहिती मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

(२) मातृदोषाचा सिद्धान्त पुराव्याअभावीही सुमारे दोन दशके टिकला, कारण तो मातेविषयीच्या प्रचलित सामाजिक अपेक्षांशी जुळणारा होता. तो शास्त्रातून गेला असला तरी घराघरांतून अद्याप गेलेला नाही.

(३) संवेदनविषयक अडचणींची मान्यता सत्तर वर्षे लांबली, ती प्रामुख्याने साक्षीचा अर्थ चुकीच्या दिशेने लावला गेल्यामुळे.

(४) पालकांचे निरीक्षण व पालकांचे अनुमान यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिल्याचा आदर करावा. दुसऱ्याची तपासणी करावी.

ज्या मुलाचे निदान अद्याप झालेले नाही, कदाचित होणारही नाही, त्याच्या पालकांसाठी या इतिहासातून एक व्यावहारिक सूचना निघते. मूल कोणत्या आवाजाने, कोणत्या स्पर्शाने, कोणत्या वेळी बिथरते व कशाने शांत होते, हे तारीखवार लिहून ठेवण्यास कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही. मिक्सर लावण्यापूर्वी मुलाला सांगणे, मिरवणुकीपासून थोडे दूर उभे राहणे, सदऱ्याची चिठ्ठी कापून टाकणे यांसाठीही निदानाची वाट पाहावी लागत नाही. तपासणी मात्र लांबवू नये; वही घेऊन तज्ज्ञाकडे जावे. त्या वहीकडे पाहण्याची जबाबदारी तज्ज्ञाची आहे, शिक्षकाची आहे आणि 'सगळीच मुले असे करतात' असे म्हणणाऱ्या आपणा सर्वांची आहे. १९३८ मध्ये एका पित्याने तेहतीस पाने लिहिली, ती कोणीतरी वाचली म्हणून हा इतिहास सुरू झाला. जी पाने वाचली गेली नाहीत, त्यांचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे.